तोल जातो तो वळताना

आमचे हे पडले ते चालताना नव्हे, वळताना. पक्षाघाताच्या झटक्याने लुळी पडलेली डावी बाजू फिजिओथेरपीने बरीच सुधारली होती, काठी टेकत अंगणात फेऱ्याही सुरू होत्या. शेजारीपाजारी म्हणायचे, "चालायला लागले की हो!" अशात मागून कुणीतरी आपुलकीने हाक मारली. यांनी गर्रकन मान वळवली, पाय जागीच राहिले आणि डाव्या अंगावर कोसळले. हाडं शाबूत राहिली, पण त्यानंतर पलंग सोडायलाच तयार होईनात.

फिजिओ मॅडमनी तेव्हा समजावलं, की पायातली ताकद वेगळी आणि तोल वेगळा. तोलासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव. यांच्या डाव्या पायाची जाणीव बोथट झालेली, म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की हे बेसिनपाशी का झुलायचे, ते मला त्या दिवशी कळलं. आता तोंड धुणं खुर्चीत बसून.

तोल मोजायची बर्ग नावाची चाचणी असते. 14 कामं, प्रत्येकाला जास्तीत जास्त 4 गुण, एकूण 56. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, मागे वळून पाहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, अशी साधीच कामं. तुमच्या माणसाची चाचणी झाली तर नुसती बेरीज विचारू नका, गुण कुठे गेले ते विचारा. यांचे वळण्यात गेले होते, तेव्हा सरावही वळण्याचाच: ओट्याला हात टेकून, मागे खुर्ची ठेवून, छोटी छोटी पावलं टाकत. खुर्चीतून उठताना दोन्ही पावलं एका रेषेत आहेत ना, तेही बघावं लागतं. नाहीतर चांगला पाय हळूच मागे घेऊन सगळं वजन त्याच्यावरच टाकतात आणि दुबळा पाय नावापुरता राहतो.

घरच्यांची खरी परीक्षा धरण्यात आहे. मिठी मारल्यासारखं घट्ट धरलं तर शरीराला सावरायची संधीच मिळत नाही. थोडं झुलल्याशिवाय तोल यायचा कसा? सोबत करणाऱ्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहावं, हात कमरेच्या पट्ट्याशी. दुबळा हात धरून मात्र कधीही ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळू शकतो. भेटायला येणारे नेमके तोच हात धरतात, त्यांना दारातच सांगावं. मालिशवाल्यांबद्दल फार बोलत नाही. अंगाला बरं वाटतं, तोल येत नाही.

आणि बोलणं! 1997 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की चालताना कुणी बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात, ते पुढे पडण्याची शक्यता जास्त. चालणं आणि उत्तर देणं, दोन्हींकडे एकदम लक्ष पुरत नाही. म्हणून सुरुवातीला आमच्याकडे चालताना सगळे गप्प. पुढे मॅडमनीच मुद्दाम बोलतं केलं: चालता चालता भाज्यांची नावं सांगा, वीसपासून उलटे आकडे मोजा. हे मात्र त्या शेजारी असतानाच.

घरातली पायपुसणी उचलली, मागे पट्टा नसलेल्या चपला बंद केल्या. झोपेतून उठल्यावर थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसायचं, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो.

इतकं करूनही माणूस पडू शकतो. तेव्हा लगेच उचलायला धावू नका. आधी दुखतंय कुठे ते विचारा. मार लागला नसेल तर चांगल्या कुशीवर वळवून, भक्कम खुर्ची जवळ आणून, तिच्या आधाराने उठू द्या; हे उठणंही फिजिओकडून आधीच शिकून घ्यावं. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर "मला काही झालं नाही" हे ऐकून घ्यायचं आणि तरी थेट दवाखान्यात न्यायचं.