लिनक्स संगणकावर ड्रायव्हर बसविणें

नवी मुंबईच्या परिसरांतील खातेदारास कागदाचें महत्त्व सांगावयास नको. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व ठाणें-बेलापूर पट्टी, पनवेल आणि उरण येथील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं ठरविण्यांत आल्या. तेव्हांपासून कचेरीची पायरी चढावयाची ती हातांत कागद घेऊनच. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला व तलाठ्याकडील एक खेप वांचली. परंतु उतारा पडद्यावर दिसून भागत नाहीं, तो कागदावर उतरावा लागतो. आणि लिनक्सवर नव्यानें आलेला मनुष्य अडतो तो नेमका येथेंच.

लिनक्सकडे वळण्यास कारणहि तसेंच घडलें आहे. विंडोज १० या प्रणालीची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, आणि विंडोज ११ ला हवीं तीं साधनें पुष्कळशा जुन्या यंत्रांत नाहींत. चालतें यंत्र मोडींत घालण्यापेक्षां त्यावर लिनक्स चढवावें हा विचार आम्हांस शहाणपणाचा वाटतो. मात्र जुनी संवय प्रथम टाकावी लागते.

ती संवय अशी कीं, प्रत्येक उपकरणाबरोबर कंपनीची तबकडी येते व तींतून ड्रायव्हर घालावयाचा. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांमधील दुभाष्या होय. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सच्या कर्नलमध्यें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांतच, असे हजारों दुभाषे आधींपासून बसलेले असतात. सबब उपकरण जोडावें, यंत्र एकदां बंद करून चालू करावें, आणि काम होतें कीं नाहीं तें पाहावें. बहुतेक वेळां धडा येथेंच संपतो. ज्यांचें काम होत नाहीं त्यांनीं पुढें वाचावें.

नवशिका या वेळीं डब्यावरील नांव वाचून जिकडे तिकडे शोध करीत सुटतो. आमच्या महसुली नजरेस हें विपरीत दिसतें. शेताला घरांत 'आंब्याचें शेत' म्हणत असतील. दफ्तरांत तें नांव कोणी विचारीत नाहीं. तेथें गांव व गट नंबर लागतो. उपकरणांचेंहि तसेंच आहे. टर्मिनल उघडून त्यांत एल, एस, यू, एस, बी हीं पांच लहान इंग्रजी अक्षरें सलग लिहून एंटर दाबावें. बाहेरून जोडलेल्या प्रत्येक उपकरणासमोर चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक उमटतात. पहिला कंपनीचा, त्यास गांव समजावें. दुसरा त्या उपकरणाचा, तो गट नंबर. एचपी कंपनीचें 'गांव' ०३एफ० हें आहे. यंत्राच्या पोटांतील उपकरणांसाठीं एल, एस, पी, सी, आय, मग मोकळी जागा, एक आडवी रेघ व के असें लिहावें. म्हणजे कोणत्या उपकरणास कोणता ड्रायव्हर लागला आहे तेंहि कळतें.

नांवावर विसंबण्यांत धोका किती, याचें एक उदाहरण देतों. टीपी-लिंक कंपनीचें टीएल-डब्ल्यूएन७२२एन हें वायफायचें लहान उपकरण पहिल्या आवृत्तींत अ‍ॅथेरॉसच्या चिपवर चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून आंत रिअलटेकची चिप आली. नांव तेंच, ड्रायव्हर मात्र निराळा. एकाची कृति दुसऱ्यास लावली तर दिवस फुकट जातो.

आतां प्रिंटर. एचपीचा लेसरजेट १०२० आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांत व दुकानांत आढळतो. याची प्रकृति चमत्कारिक आहे. फर्मवेअर नांवाचा त्याचा स्वतःचा कार्यक्रम त्याच्या पोटांत टिकत नाहीं. दर वेळीं चालू केल्यावर तो संगणकानें पाठवावा लागतो, आणि वीज गेली कीं प्रिंटर सारें विसरतो. म्हणून यादींत तो दिसतो, काम रांगेंत लागतें, पण कागद हलत नाहीं. यावर उपाय असा: आपल्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारांतून एचपीलिप हें पॅकेज घ्यावें, नंतर एचपी-प्लगिन ही आज्ञा चालवून कंपनीचा पुरवणी भाग उतरवावा. दोहोंची आवृत्ति एकच असावी लागते. प्रणाली अद्ययावत् केल्यावर प्रिंटर मुका झाला तर तीच आज्ञा पुन्हां द्यावी.

कंपन्यांच्या या झांकपाकीचा इतिहासहि प्रिंटरशींच जोडलेला आहे, ही मौज. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन यांस झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरची प्रणाली सुधारावयाची होती; मूळ संहिता मागितली असतां ती नाकारली गेली. १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, व आज आपण लिनक्स म्हणून जें वापरतों त्यांत त्या प्रकल्पाचा मोठा वांटा आहे.

वायफायलाहि पुष्कळदां फर्मवेअरच कमी पडतें. डेबियनच्या मूळ तबकडींत असे बंदिस्त भाग पूर्वीं नसत. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते दिले जातात. तेव्हां जुनी तबकडी कोणी फुकट दिली तरी घेऊं नये. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेली असल्यानें तिलाहि बव्हंशीं हीच रीत लागू पडते. वायफाय बसेपर्यंत मोबाईल तारेनें जोडून त्याचें इंटरनेट संगणकास द्यावें.

बाहेरून आणलेला ड्रायव्हर बसूनहि चालूं होत नसेल, तर सिक्युअर बूट चालू आहे काय तें पाहावें. फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याची सही नसेल तर नोंद धरीत नाहींत, तद्वत् ओळखीच्या सहीवांचून आलेला ड्रायव्हर गाभा आंत घेत नाहीं. अशा वेळीं आपली किल्ली यंत्रांत नोंदवावी लागते; बसवितांना संगणक तात्पुरता सांकेतिक शब्द मागतो, तो कागदावर लिहून ठेवावा. पुढील वेळीं यंत्र चालू होतांच निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो.