पिकअपचा क्राऊन-पिनियन बदलताना घ्यावयाची काळजी

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, खत आणि पाणी हेच विषय असावयाचे. या वेळी मात्र गाडीच्या मागच्या एक्सेलविषयी लिहीत आहे. त्याला कारणही उसाचेच आहे.

मागील सुरू हंगामात आमच्या गटातील एका सभासदांनी एक एकराचे बेणे आणावयास स्वतःची पिकअप लावली. दोन डोळ्यांच्या १० हजार टिपऱ्यांसाठी अडीच ते तीन टन ऊस लागतो. गाडीची क्षमता दीड टनाची. "दोन खेपा कशाला? डिझेल फुकट जळतंय," असे म्हणून सगळे बेणे एकाच खेपेत भरले. शेताच्या तोंडाशी पाट ओलांडताना मागचे एक चाक चिखलात रुतले. चालकाने रेस वाढवून क्लच झटक्याने सोडला. चाक जागच्या जागी गरगर फिरले, खाली दगड लागताच एकदम पकड मिळाली आणि मागे 'कडाड्' आवाज झाला. गिअर पडे, पण गाडी नुसते हिसके खाई, पुढे सरकेना. पिनियनचे तीन दात तुटले होते.

तोडलेल्या बेण्याची लागण २४ तासांच्या आत व्हावयास पाहिजे. येथे ती तिसऱ्या दिवशी झाली. उगवण विरळ आली आणि पुढे नांग्या भरत बसावे लागले.

याहून मोठी चूक नंतर झाली. पैसे वाचावेत म्हणून मोडीतला पिनियन आणून जुन्याच क्राऊनवर बसवला. पंधरवड्यात गाडी घोंगावू लागली. दीड महिन्यात क्राऊनचेही दात गेले. शेवटी नवा जोड घ्यावाच लागला, मजुरी मात्र दोनदा गेली.

हा भाग काय काम करतो?

इंजिनाची फिरकी लांब शाफ्टमधून मागे येते. शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, तो पिनियन. त्याने फिरणारे मोठे चाक म्हणजे क्राऊन. पिनियनला ९ आणि क्राऊनला ३७ दात असले तर ३७ भागिले ९, म्हणजे पिनियनचे सुमारे ४.११ फेरे होतात तेव्हा क्राऊनचा एक फेरा होतो. वेग तेवढ्या पटीत कमी आणि जोर तेवढ्या पटीत जास्त. गाडीचा सारा बोजा एका वेळी मोजक्याच दातांवर येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आधी दुखणे ओळखा

१. रेस देताना 'घों' आवाज येतो आणि रेस सोडताच बदलतो : दातांची झीज किंवा चुकीची जुळणी.
२. वेगाबरोबर वाढणारी सततची घरघर : बहुधा बेअरिंग.
३. गाडी उचलताना 'टक्' आवाज : आधी शाफ्टचे क्रॉस जॉइंट तपासावेत. उगाच एक्सेल खोलू नये.
४. तेलात चमकणारे तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नये.

काम करून घेताना

१. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. ते तयार होतानाच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडीचा खुणेचा नंबर दोन्हींवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. एकमेकांची सवय नसलेले बैल एका जुवाला जुंपले तर काय होते, ते आपणांस सांगावयास नको.

२. दातांची संख्या जुन्याइतकीच असावी. ती बदलली तर गाडीचा ओढ, वेग आणि डिझेलचा हिशेब बदलतो. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे व मागचे प्रमाण सारखेच असावे लागते.

३. बेअरिंग आणि ऑइल सील त्याच वेळी नवे घालावेत. हौसिंग व एक्सेलच्या नळ्या डिझेलने धुवाव्यात. आत राहिलेला दाताचा एक तुकडा नवा जोड खाऊन टाकतो. वरचे हवेचे भोक तुंबले तर सील गळते, तेही साफ करावे.

४. पिनियन किती आत बसवावयाचा हे शिमने ठरते. दोन चाकांच्या दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजनेच मोजावी. बऱ्याच पिकअपमध्ये ती ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा धरावा. "हातानं हलवून बघितलंय, झालं बरोबर," एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नये.

५. क्राऊनच्या काही दातांना खुणेचा रंग लावून चाक दोन्ही दिशांना फिरवावे. छाप दाताच्या मध्यावर उमटली पाहिजे. ती दाताच्या वरच्या कडेला असेल तर पिनियन लांब राहिला आहे, बुडाशी असेल तर फार आत गेला आहे. ही छाप स्वतः उभे राहून पाहावी. या कामाला अर्धा दिवस जास्त गेला तरी जाऊ द्यावा.

६. तेल पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच घालावे. या दातांना बहुधा जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल लागते. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत तेल यावे.

काम झाल्यावर

पहिल्या दिवशी १५-२० किलोमीटर सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. पहिले ५०० किलोमीटर हलका बोजा ठेवावा, नंतर तेल बदलावे. नवा जोड बसवून दुसऱ्याच दिवशी बेणे भरू नये.

आणि मूळ कारण विसरू नये. आर.सी. बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नये. एका एकराच्या बेण्याला दीड टनाच्या गाडीच्या दोन खेपा लागतात, त्या कराव्यात. चाक रुतले तर रेस देऊ नये. थोडे बेणे उतरवावे, चाकाखाली पाचट दाबावे आणि पहिल्या गिअरमध्ये हळू गाडी काढावी. पाचट आपल्या शेतात फुकट आहे, क्राऊन-पिनियन फुकट नाही.

लागणीच्या तारखा ठरवताना बेण्याची तपासणी आपण करतोच. त्याच दिवशी गाडीखाली वाकून एकदा सील आणि तेलही पाहावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी