रेडिओ लहरी आणि खडकातील तेल

1973 साली अरब राष्ट्रांनी तेलाच्या पुरवठ्यात हात आखडता घेतला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. तेव्हा अमेरिकेचे लक्ष कोलोराडो, युटा व वायोमिंग या राज्यांत पसरलेल्या ग्रीन रिव्हर शेल खडकाकडे आणि कॅनडाचे लक्ष अल्बर्टातील अथाबास्काच्या तेलवाळूकडे वळले. दोन्हींत तेलाचा साठा अफाट, पण नुसती विहीर खोदून हाती येणारा नव्हे.

या दोन साठ्यांतील फरक प्रथम ध्यानी घ्यावा. वाळूत बिट्युमेन असते. थंडीत बाटलीतले खोबरेल थिजते, तसे ते घट्ट असते. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापविले की पाझरू लागते. शेलमध्ये मात्र तेल नसतेच. असते ते केरोजेन नावाचे घन सेंद्रिय द्रव्य. लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनात डांबर व वायू मिळतात, त्याप्रमाणे सुमारे 350 अंशांपर्यंत तापवून केरोजेनचे विघटन करावे, तेव्हा कोठे तेल मिळते.

खडक खणून भट्टीत घातला, तर जळक्या दगडांचे डोंगर उरतात. म्हणून तो जागीच तापविण्याची कल्पना पुढे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये क्वार्नटॉर्प येथे भोकांत विजेचे तापक सोडून असे तेल काढले गेले. परंतु खडक हा उष्णतेचा मंदवाहक. तापकापासून चार हात दूरचा दगड तापायलाही महिनेच्या महिने लागतात.

येथे रेडिओ लहरी उपयोगी पडतात. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन, तर दुसरे ऋण असते. विद्युत् क्षेत्राची दिशा सेकंदाला लक्षावधी वेळा बदलली की रेणू तिच्यामागे वळू पाहतात आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. म्हणजे उष्णता बाहेरून शिरत नाही, आतच उपजते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर चालते. तिची कंप्रता 2450 मेगाहर्ट्झ, तरंगलांबी अवघी 12 सेंटिमीटर; अशा लहरी ओलसर खडकात फार खोल जात नाहीत. 13.56 मेगाहर्ट्झची लहर 22 मीटर लांबीची असते व खोलवर पोचते. शिकागोच्या आयआयटी रिसर्च इन्स्टिट्यूटने 1980 च्या सुमारास युटात असे प्रयोग केले. विद्युत्-अग्रांच्या तीन रांगा जमिनीत पुरायच्या, मधल्या रांगेला शक्ती द्यायची, बाजूच्या दोन्ही भूसंपर्कित ठेवायच्या. मधला खडक एकसारखा तापतो.

मग घोडे अडते कोठे? हिशेबात. एक टन शेलमध्ये 100 लिटर तेल आहे असे धरू. त्याची ऊर्जा सुमारे 3700 मेगाज्यूल. खडकाची विशिष्ट उष्णता किलोला 1 किलोज्यूल मानली, तर तो 20 पासून 350 अंशांपर्यंत नेण्यास 330 मेगाज्यूल लागतील. विजेपासून रेडिओ लहरी करताना पाचवा हिस्सा गेला, तर वीज लागेल सुमारे 410. औष्णिक केंद्रात इंधनाच्या तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते; म्हणजे इंधन जळेल सुमारे 1240. दोन-तृतीयांश तेलच विहिरीत आले, तर मिळकत 2470. निम्मी मिळकत खर्चातच गेली! खडकाबाहेर निसटणारी उष्णता आपण धरलेलीही नाही.

तेलवाळूला इतके तापमान लागत नाही, म्हणून तिचा हिशेब बरा जमतो. 2012 मध्ये अल्बर्टात रेडिओ लहरींसाठी जमिनीत अँटेना पुरून चाचणी झाली, तिचा रोखही तेलवाळूकडेच होता. लहरींबरोबर प्रोपेनसारखे द्रावक सोडले की आणखी कमी उष्णता पुरते, असा त्यामागचा विचार. तरीही ही पद्धत प्रयोगाची पायरी ओलांडून मोठ्या व्यापारी उत्पादनापर्यंत पोचलेली नाही.

विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट गाठीशी बांधावी. ऊर्जेच्या नव्या साधनाची वार्ता कानी आली की ‘किती मिळते?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘मिळविण्यासाठी किती जाते?’ हेही विचारावे. त्या वजाबाकीला दहावीपर्यंतचे गणित पुरते.