हाकेचा अर्थ : उच्चारलेल्या शब्दाचे सामर्थ्य



शब्द कागदावर असतो तेव्हा त्याचा अर्थ शब्दकोशात पाहता येतो. तोच शब्द मुखातून बाहेर पडला की त्याला आवाज लाभतो, बोलणारा लाभतो आणि ऐकणाराही लाभतो. मग अर्थ शोधण्यासाठी या तिघांकडेही पाहावे लागते. ‘शहाणा’ हा शब्द घ्या. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवीत ‘शहाणा गं माझा’ म्हणते, तेव्हा तो आशीर्वाद असतो. भांडणात कोणी ‘मोठा शहाणाच आहेस’ म्हणतो, तेव्हा तोच शब्द टोचतो. अक्षरे बदललेली नसतात. बदललेला असतो स्वर आणि त्यामागचा हेतू. संस्कृत काव्यशास्त्राने स्वरातील या फरकाला ‘काकु’ असे नाव दिले आहे, आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही त्याचे विवेचन आढळते.

वाणीचा विषय फार विस्तृत आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एकाच अंगाचा विचार करणार आहोत. ते अंग म्हणजे माणसाला उद्देशून वापरलेला शब्द, अर्थात हाक. निवासी शाळेतील दिवस पहाटेच्या हाकेने सुरू होतो आणि रात्रीच्या हजेरीने संपतो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला आईची हाक ऐकू येत नाही. त्याच्या कानावर दिवसभर पडतात ते शिक्षकांचे, अधीक्षकांचे, स्वयंपाकघरातील मावशींचे आणि सोबत्यांचे शब्द. म्हणून हा विषय आपल्या सर्वांच्या निकटचा आहे.

‘अरे’ आणि ‘अहो’

मराठी व्याकरणात ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ यांची गणना संबोधनदर्शक केवलप्रयोगी अव्ययांत होते. व्याकरणाची माहिती येथे संपते आणि व्यवहाराचा प्रश्न येथूनच सुरू होतो. दोन मित्र एकमेकांना ‘अरे’ म्हणतात, त्यात स्नेह असतो. वारकरी भक्त विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, त्यात जवळीक असते. परंतु एखाद्या पांढऱ्या केसांच्या मजुराला कोवळ्या वयाचा मालकपुत्र ‘काय रे’ म्हणतो, तेव्हा त्या एका अक्षरात साऱ्या समाजाची उतरंड उभी राहते.

मग ‘रे’ प्रेमाचा केव्हा आणि अवहेलनेचा केव्हा? आम्हांस याची एक सोपी कसोटी दिसते. ऐकणाऱ्याला तोच शब्द निर्भयपणे परत उच्चारता येतो काय, हे पाहावे. मित्राच्या ‘अरे’ला मित्र ‘अरे’नेच उत्तर देऊ शकतो. मजूर मात्र मालकपुत्राला ‘काय रे’ म्हणू शकत नाही. जो शब्द एकाच दिशेने जाऊ शकतो, त्यात सत्ता असते. आई मुलाला ‘ये रे’ म्हणते तेव्हा मूल वयाने लहान असते, हे खरे. परंतु ते रुसू शकते, हट्ट करू शकते, गळ्यात पडू शकते. त्याला उत्तर देण्याची मोकळीक असते.

नंदिविशालाची कथा

जातककथांमध्ये नंदिविशाल नावाच्या बैलाची कथा आहे. तक्षशिला नगरीतील एका ब्राह्मणाने त्याला प्रेमाने वाढविले होते. आपल्या धन्याचे ऋण फेडावे या भावनेने बैलानेच त्याला सुचविले की, एकमेकींना बांधलेल्या शंभर भरल्या गाड्या आपला बैल ओढील अशी एक हजाराची पैज लाव. पैज लागली. गाड्या सज्ज झाल्या. जू मानेवर आले आणि धन्याने आवेशात बैलाला ‘कूट’, म्हणजे लबाड, असे संबोधून ओढण्याचा हुकूम केला. नंदिविशाल खांबासारखा जागच्या जागी उभा राहिला. ब्राह्मण पैज हरला.

घरी येऊन तो खिन्नपणे पडून राहिला, तेव्हा बैलाने त्याला विचारले की, मी तुझ्या घरात कधी काही बिघडविले आहे काय, मग मला लबाड का म्हणालास? त्याने पुन्हा, या वेळी दोन हजारांची, पैज लावण्यास सांगितले. मात्र तो शब्द पुन्हा उच्चारू नकोस, अशी अट घातली. दुसऱ्या वेळी ब्राह्मणाने त्याच्या पाठीवर हात फिरविला आणि ‘भद्र’ असे संबोधिले. शंभर गाड्या हलल्या; पहिली जेथे होती तेथे शेवटची येऊन ठेपली.

बैलाचे बळ दोन्ही दिवशी सारखेच होते आणि गाड्यांचे ओझेही तेवढेच होते. फरक होता तो केवळ एका हाकेचा. या कथेतील मर्म असे की, नंदिविशालाने शिवीला शिवीने उत्तर दिले नाही. त्याने आपल्यावर लादलेले नाव स्वीकारण्याचे नाकारले. जे नाव आपले नाही त्या नावाने दिलेला हुकूम त्याने पाळला नाही.

विनयाचा नियम

ही कथा भगवान बुद्धांनी कोणत्या प्रसंगी सांगितली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. संघातील सहा भिक्षूंचा एक गट इतर सदाचारी भिक्षूंना टोचून, अपमान करून बोलत असे. त्या निमित्ताने अपमानकारक बोलण्याविषयीचा नियम घालण्यात आला. विनयपिटकात त्याला ‘ओमसवाद’ म्हणतात. तेथे अपमानाची दहा साधने सांगितली आहेत : जन्माची जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, रोग, शरीराची ठेवण, मनाचे विकार, हातून घडलेले दोष आणि शिवी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात माणसाला कशाकशावरून हिणवीत, याची ही यादीच आहे. तिच्यात जातीला पहिले स्थान मिळाले आहे, हे विशेष लक्षात घ्यावे.

या नियमाचे दोन तपशील अभ्यासकाने विसरू नयेत. पहिला असा : हीन मानलेल्या जातीच्या मनुष्याला हिणविण्याच्या हेतूने ‘क्षत्रिय’ असे उच्च नाव घेऊन हाक मारली, तरी तो दोषच मानला आहे. शब्द उच्च आहे, म्हणून बोलणारा सुटत नाही. दुसरा असा : केवळ थट्टेने बोलले तरी दोष लागतो, तो तुलनेने सौम्य आहे, त्याला ‘दुब्भासित’ म्हणजे वाईट बोललेले असे नाव आहे. ‘आम्ही गंमत केली’ ही सबब विनयाला पूर्णपणे मान्य नाही. याउलट अर्थ समजावण्यासाठी किंवा हिताचा उपदेश करण्यासाठी तेच शब्द उच्चारले तर दोष नाही. हेतूला येथे मध्यवर्ती स्थान आहे.

स्वतंत्र भारतात संसदेने केलेल्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यानेही अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरविला. उच्चारलेला शब्द ही कृती आहे, हे तत्त्व विनयालाही मान्य होते आणि कायद्यालाही आहे.

‘जोहार’ ते ‘जय भीम’

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हा प्रश्न पुस्तकातील नव्हता. धोंडिबाचा ‘धोंड्या’ होई आणि सखारामाचा ‘सख्या’. त्यांना वयाचा मान नसे. वरच्या मानलेल्या जातीच्या माणसासमोर महाराने ‘जोहार’ म्हणावे, अशी रीत होती. समोरच्याने ‘जोहार’ म्हणून प्रतिसाद देण्याचा प्रश्नच नव्हता. वर सांगितलेली कसोटी येथे लावून पाहावी. तो एकाच दिशेने जाणारा शब्द होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पहिल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले. ज्यांना केवळ ऐकून घ्यावे लागत होते, त्यांनी बोलावे, हा त्या नावाचा आशय होता. पुढे ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’नेच दिले जाते. लहान मूल मोठ्या अधिकाऱ्याला तोच शब्द म्हणते आणि अधिकारीही मुलाला तोच शब्द परत देतो. शब्दाची दिशा दुहेरी झाली, येथेच त्याचे सामर्थ्य आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. जनसमुदायाने त्या मोठ्याने त्यांच्यामागून म्हटल्या. त्या प्रतिज्ञा ‘मी’ या प्रथमपुरुषात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसऱ्यांनी ‘तू’ म्हटले, त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या मुखाने ‘मी’ म्हटले. त्या प्रतिज्ञा छापून वाटल्या असत्या तरी मजकूर तोच राहिला असता. परंतु आपलाच आवाज आपल्या कानांनी ऐकण्याचा आणि शेजारच्या हजारो आवाजांत तो मिसळल्याचा अनुभव कागदाला देता आला नसता.

कटू सत्याचे काय?

येथे एक शंका निर्माण होते. वाणी सदैव गोडच असावी काय? शिक्षकाने चूक दाखवू नये काय? मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात या शंकेचे उत्तर आहे. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलावे काय, असा प्रश्न राजकुमार अभय विचारतो. त्याच्या मांडीवर तान्हे बाळ असते. या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे बुद्ध त्याला विचारतात. रक्त आले तरी तो खडा मी बाहेर काढीन, कारण बाळावर माझी करुणा आहे, असे अभय सांगतो.

यावरून बुद्ध वाणीचा नियम सांगतात. असत्य बोलू नये. सत्य असूनही निरुपयोगी असेल तर बोलू नये. सत्य आणि हितकर असेल तर ते प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलावे. रागावणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने स्वतःला विचारावे की, आपण खडा काढण्यासाठी बोट घालीत आहोत, की केवळ बोचकारीत आहोत? गणित चुकले असता ‘तुझी ही पायरी चुकली’ असे म्हणणे म्हणजे खडा काढणे होय. ‘तुला गणित येणारच नाही’ असे म्हणणे म्हणजे खडा आणखी आत ढकलणे होय.

आपल्या आवारात

वसतिगृहात टोपणनावे सहज पडतात. कोणी रंगावरून, कोणी चालण्यावरून, कोणी तोतरेपणावरून, तर कोणी आडनावावरून ओळखला जाऊ लागतो. विनयातील दहा साधनांची यादी आठवावी. रोग, शरीर, नाव, जात ही सारी साधने तिच्यात आहेत. ज्याला ते नाव पडते तो इतरांबरोबर हसतो, म्हणून त्याला ते आवडते असे समजू नये. एकट्याने रडण्यापेक्षा सर्वांबरोबर हसणे त्याला सोपे वाटते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

हजेरीचेही तसेच आहे. शिक्षक पटावरील नाव पूर्ण आणि स्पष्ट उच्चारतात, क्षणभर मान वर करून त्या मुलाकडे पाहतात, तेव्हा त्या मुलाला आपले अस्तित्व नोंदले गेल्याचा बोध होतो. त्यासाठी खर्च काहीच येत नाही. पालकांनी विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेल्या मुलाचे नाव जसेच्या तसे सांभाळणे, हे त्याला जेवण आणि अंथरूण देण्याइतकेच आपले कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

स्वाध्याय

१. दिवसभरात आपण कोणाकोणाला कोणत्या शब्दाने हाक मारली, त्याची रात्री यादी करा. त्यांतील कोणता शब्द ती व्यक्ती आपल्याला परत म्हणू शकते, ते प्रत्येकापुढे लिहा.

२. ‘बरं’ हा शब्द संमती, राग, आश्चर्य आणि सांत्वन या चार भावांनी उच्चारून दाखवा. सोबत्याने भाव ओळखावा.

३. वर्गातील ज्या सोबत्याला टोपणनाव आहे, त्याला एकांतात विचारा : ‘तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?’ तो जे सांगेल, त्याच नावाने उद्या सकाळी त्याला हाक मारा.