अळीचा आहार आणि उन्हाचा मार

बांधकामावर, भाजीच्या गाडीवर, रस्ता झाडताना, शेतात खुरपताना आपल्या घरातली माणसे दिवसभर उन्हात असतात. ‘ऊन बाधू नये म्हणून काय खावे?’ हा प्रश्न वस्तीत आम्हांला नेहमी विचारला जातो. या वेळी त्याचे उत्तर आपण एका अळीकडून शिकू.

उन्हात काय असते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतले सर्वांत घातक किरण वर ओझोनचा थर अडवतो, उरलेले आपल्यापर्यंत येतात. ते पेशीतल्या डीएनएला इजा करतात आणि पेशीतल्या ऑक्सिजनला चेतवतात. चेतलेला ऑक्सिजन चुलीतून उडालेल्या ठिणगीसारखा असतो. शेजारी जे सापडेल ते तो जाळतो. ही ठिणगी विझवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. गाजराला केशरी रंग देणारे बीटा-कॅरोटीन, क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व ही त्यांतली ओळखीची नावे.

झेंडू आणि अळी

झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचा पदार्थ असतो. त्यावर अतिनील प्रकाश पडला की तो ऑक्सिजनला चेतवतो आणि कीटकांना मारक ठरतो. कॅनडातील शास्त्रज्ञांनी तंबाखूची पाने खाणाऱ्या अमेरिकी अळीवर याचा प्रयोग केला व तो १९९० साली प्रसिद्ध केला. ज्या अळ्यांच्या खाण्यात बीटा-कॅरोटीनसारखे अँटिऑक्सिडंट वाढवले होते, त्या या विषापासून जास्त वाचल्या. ठिणगीची शक्ती कॅरोटीन स्वतःवर घेते आणि उष्णता म्हणून सोडून देते. त्यामुळे पेशी वाचते.

बहुतेक कीटकांना कॅरोटीन शरीरात बनवता येत नाही. ते पानांतूनच मिळवावे लागते. रेशीमकिड्याच्या काही जातींचे कोष पिवळे असतात, तो रंग तुतीच्या पाल्यातून आलेला असतो. वाटाण्यावरचा मावा मात्र कॅरोटीन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारी जनुके त्याच्या पूर्वजांना बुरशीकडून मिळाली, असे २०१० साली दिसून आले. आपण माणसे या बाबतीत अळीच्या बाजूची. आपल्यालाही कॅरोटीन ताटातूनच घ्यावे लागते.

अळीची आणखी एक युक्ती आहे. उन्हात विषारी होणाऱ्या झाडांवर जगणाऱ्या काही अळ्या पान गुंडाळून घेतात आणि आत सावलीत बसून खातात. म्हणजे त्या चांगल्या खाण्याबरोबर सावलीही धरतात.

मग गोळ्या घ्याव्यात का?

दारोदार अँटिऑक्सिडंटच्या पावडरी आणि गोळ्या विकणारे येतात. त्यांच्या हाती आठवड्याच्या भाजीचे पैसे देण्याआधी ही गोष्ट ऐका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. १९९४ साली निकाल आला. ही गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट सुमारे १८ टक्के जास्त आढळला. भाजीत मिळते ते आणि गोळीत कोंबलेले ते, दोन्ही शरीराला सारखे नसते. घरात कोणी बिडी ओढत असेल तर अशी गोळी मनाने मुळीच देऊ नका.

आपण काय करावे?

• शेवग्याचा पाला, माठ, पालक, लाल भोपळा, गाजर, पपई यांतले जे स्वस्त मिळेल ते आलटूनपालटून खावे. भाजीला थोडे तेल असू द्यावे, म्हणजे कॅरोटीन अंगी लागते.

• क जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू किंवा जेवणात लिंबू. ई जीवनसत्त्वासाठी मूठभर शेंगदाणे.

• लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नये. झेंडूच्या विषासारखेच लिंबातले काही पदार्थ उन्हाने चेततात आणि कातडीवर डाग, फोड येतात. कोडावर बावचीचे तेल लावून उन्हात बसणाऱ्यांनाही असेच भाजते. हा उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

• दुपारी ११ ते ३ शक्यतो सावली धरावी. ते जमत नसेल तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर टोपी, रुमाल किंवा पदर असावा. मुकादमाकडे सावलीची आणि पाण्याची मागणी करायला लाजू नये.

• सावळ्या कातडीतला रंग काही प्रमाणात संरक्षण देतो, पण डोळ्यांना नाही. वर्षानुवर्षे ऊन डोळ्यांवर घेतल्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो.

• महिनाभरात न भरणारी जखम किंवा वाढत जाणारा डाग दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवावा.

एक फरक लक्षात ठेवा. ऊन लागून चक्कर येणे, अंग तापणे, शुद्ध हरपणे हा उष्णतेचा त्रास आहे. तिथे भाजी किंवा गोळी कामाची नाही. माणसाला लगेच सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला. शुद्ध असेल तर पाणी पाजा, नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

ताटात रोज एक रंगीत भाजी आणि डोक्यावर सावली, एवढे घराघरांत सुरू व्हावे. भाजी आपल्या हातात आहे. सावली मात्र कामाच्या जागी सगळ्यांनी मिळून मागावी लागेल.