एका नॅट विमानाची प्रतिकृती

पाठपरिचय : मूळ वस्तूची हुबेहूब, पण ठरावीक प्रमाणात लहान केलेली नक्कल म्हणजे प्रतिकृती. १९७१ च्या युद्धात कोसळलेल्या एका लढाऊ विमानाची प्रतिकृती पुठ्ठ्यापासून कशी करावी आणि ती करताना आपण काय शिकतो, हे या पाठात सांगितले आहे.

लहान भावंडांसाठी तुम्ही कागदाचे विमान नेहमी करता. चार घड्या घातल्या की विमान तयार! ते कोणत्या देशाचे, कोणी चालवले, असे कोणी विचारत नाही. प्रतिकृतीचे तसे नसते. ती कोणत्या तरी खऱ्या विमानाची असते. आज आपण ज्या विमानाची प्रतिकृती करणार आहोत, ते विमान एका सकाळी आकाशात झेपावले आणि परत आले नाही.

ते विमान होते नॅट. त्याची रचना इंग्लंडमधील फॉलंड कंपनीने केली. पुढे ही विमाने आपल्या देशात बंगळूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. नॅट हे आकाराने फार लहान लढाऊ विमान होते. १९६५ च्या युद्धात त्याने मोठ्या सेबर विमानांशी टक्कर दिली, तेव्हापासून लोक त्याला 'सेबरचा कर्दनकाळ' म्हणू लागले.

१४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला केला. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों त्या वेळी सज्जतेच्या कामावर होते. ते पंजाबातील लुधियाना जिल्ह्याचे. त्यांचे वडीलही हवाई दलात होते. धावपट्टीवर बाँब पडत असताना विमान उडवणे म्हणजे मृत्यूच्या दारातून जाणे. तरीही सेखों यांनी आपले नॅट उडवले. जोडीने निघालेल्या दोन नॅट विमानांची हवेत ताटातूट झाली आणि सेखों एकटे उरले. त्यांनी एका सेबरवर अचूक मारा केला व दुसऱ्याला आग लावली, अशी नोंद त्यांच्या मानपत्रात आहे. झाडांच्या शेंड्यांइतक्या कमी उंचीवर ही लढाई चालली. शेवटी शत्रूच्या संख्याबळापुढे त्यांचे विमान कोसळले. सेखों यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. हा सन्मान मिळालेले ते भारतीय हवाई दलातील आजवरचे एकमेव अधिकारी आहेत.

आता आपण कामाला लागू.

प्रथम प्रमाण ठरवू. आपण १ : २० हे प्रमाण घेऊ. म्हणजे खऱ्या विमानाचे २० सेंटिमीटर हे आपल्या प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतील. नॅटची लांबी ८.७४ मीटर, म्हणजे ८७४ सेंटिमीटर होती. त्याला २० ने भागले की ४३.७ सेंटिमीटर येतात. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर ६.७३ मीटर होते. त्याचे ३३.६५ सेंटिमीटर झाले. प्रत्येक भागाला २० नेच भागायचे, हा नियम कधी मोडू नये. शेपटी 'जरा मोठी छान दिसेल' म्हणून वाढवली, तर ते विमान नॅट राहणार नाही.

साहित्य साधेच आहे : जुन्या खोक्यांचा पुठ्ठा, ड्रॉइंगचा कागद, डिंक, कात्री, मोजपट्टी, कोनमापक, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, तार आणि रंग. पुठ्ठा ब्लेडने कापावा लागेल, तेव्हा मोठ्यांना जवळ बसवावे. वरून, बाजूने आणि समोरून काढलेली नॅटची तीन रेखाचित्रे मिळवावीत.

बाजूच्या चित्रावरून विमानाच्या धडाची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापा. हा झाला विमानाचा कणा. माशाच्या कण्याला जसे काटे असतात, तसे या कण्याच्या दोन्ही बाजूंना दर चार सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचे अर्धगोल तुकडे चिकटवा. त्यांवर कागदाच्या पट्ट्या बसवल्या की धडाला गोलाई येते. एक पट्टी वाळल्यावरच दुसरी लावा. ओल्या कागदावर घाई केली, तर धड वाकडे होते.

दोन्ही पंख मिळून एकच सलग तुकडा कापा, कारण नॅटचा पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेला असे. कागदाची मधोमध घडी घालून अर्धी आकृती कापली, तर डावा आणि उजवा पंख अगदी सारखे होतात. पंख सुमारे ४० अंशांनी मागे वळलेले असतात. तो कोन कोनमापकाने मोजा. पंखांची टोके मात्र किंचित खाली झुकलेली ठेवा.

वैमानिकाच्या आसनामागे धडाच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे आहेत. प्रत्येक तोंडाच्या कडेला एक तोफ होती. तोफेच्या नळीचा व्यास ३० मिलिमीटर, म्हणून आपल्या प्रतिकृतीत तो दीड मिलिमीटर. उदबत्तीच्या काडीने तेवढे बारीक भोक पाडा. आसनावर पारदर्शक झाकण बसवा. पंखांवर भारतीय हवाई दलाचे वर्तुळाकार चिन्ह काढा : बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग.

आपण लांबी घेतली, रुंदी घेतली. पण उंची घेतली नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. नॅटची उंची २.४६ मीटर सांगतात, पण ती विमान चाकांवर उभे असताना मोजलेली आहे. संग्रहालयातील नॅट विमाने अशी चाकांवर उभी असतात. आपण चाके लावणार नाही. त्या सकाळी सेखों यांनी उड्डाण केल्यावर चाके विमानाच्या पोटात गेली. उतरण्यासाठी ती पुन्हा बाहेर आलीच नाहीत. म्हणून आपले नॅट तारेच्या आधारावर, उडत्या स्थितीतच राहील. त्याला मोडलेले, जळालेले दाखवण्याचीही गरज नाही. वैमानिकाने ते उडवले, तेव्हा जसे होते तसेच करावे.

प्रतिकृती तयार झाली, तरी एक काम उरते. सेबर विमान ११.४ मीटर लांब होते आणि त्याच्या पंखांचा विस्तार ११.३ मीटर होता. त्याच प्रमाणात सेबरची आकृती ५७ सेंटिमीटर लांब आणि ५६.५ सेंटिमीटर रुंद होते. जुन्या वर्तमानपत्रांतून अशा सहा आकृत्या कापा. वर्गातील बाके बाजूला सारा, सहाही आकृत्या जमिनीवर मांडा आणि त्यांच्या मधोमध आपले नॅट ठेवा.

आता सगळे जण एक मिनिट शांतपणे पाहा. 'संख्याबळ' हा एक शब्द आपण वर वाचला, तेव्हा तो चटकन वाचून पुढे गेलो होतो. आता तो जमिनीवर मांडलेला दिसतो. माप खरे ठेवले म्हणूनच तो दिसला. नॅट थोडे मोठे केले असते किंवा सेबर थोडे लहान, तर सेखों यांनी काय पत्करले, ते आपल्याला कळले नसते. जे परत आले नाहीत त्यांची आठवण खऱ्या मापाने ठेवावी. ना वाढवून, ना घटवून.

शब्दार्थ
हुबेहूब – अगदी तसेच
कर्दनकाळ – नाश करणारा
ताटातूट होणे – एकमेकांपासून दूर होणे
मानपत्र – गौरवाचा मजकूर असलेले पत्र
संख्याबळ – संख्येमुळे मिळणारी ताकद
मरणोत्तर – मृत्यूनंतर
पत्करणे – स्वतःहून स्वीकारणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला कधी झाला?
(आ) पंखांचा तुकडा सलग का कापायचा?
२. प्रतिकृतीला चाके का लावली नाहीत? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. १ : ४० प्रमाण घेतले, तर नॅटची लांबी किती होईल?
४. 'कागद', 'रंग', 'जमीन' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.