झोप उडाली म्हणून गोळी सोडू नका

प्रश्न : मुलाला फिट्स येतात. लॅमोट्रिजिन सुरू झाल्यापासून रात्रभर झोप नाही. गोळी बंद करू का?
– एक आई, निमोणे (ता. शिरूर)

उत्तर : ताई, एकदम बंद करू नका, त्याने फिट्स उलट वाढतात, कधी लागोपाठ येतात. या गोळीने काहींची झोप उडते, हे खरं. पण डॉक्टर डोसची वेळ, प्रमाण किंवा औषधही बदलू शकतात. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका. अंगावर पुरळ उठलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रात्रीची लाईट असते तेव्हा मुलगा शेताला पाणी द्यायला, दारं धरायला जातो का? जागरणानेही फिट येते, अन् विहिरीपाशी एकटा असला तर जिवावर बेतेल. ती पाळी दुसऱ्या कुणाला द्याच.